बाळंतिणीच्या घरातली औषधांची पिशवी

मेडिकलवाली

खूप दिवसांनी धागा काढतेय, लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे, सव्वीस वर्षं झाली. गाव नागपूर जिल्ह्यात, मध्य प्रदेशच्या सीमेकडे, एवढं पुरे. मागच्या महिन्यात दुकानात कामाला असलेल्या मुलीची वहिनी बाळंत झाली म्हणून बघायला गेले, दोन झबली आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. बाळ चौदा दिवसांचं, तीन किलोच्या आसपास, सरकारी दवाखान्यात नॉर्मल झालेलं, सगळं छान. खाटेच्या वर खुंटीला कापडदुकानाची कॅरीबॅग टांगलेली होती, आत औषधं. सवय जात नाही हो, म्हटलं बघू का.

आतून काय काय निघालं सांगते. लोहाच्या लाल गोळ्यांच्या चार पट्ट्या, एकही गोळी न काढलेली. कॅल्शियम. सासऱ्यांची बीपीची गोळी, तीही लाल. थोरल्या मुलाच्या अँटिबायोटिकची पाणी घालून ठेवलेली बाटली, दिवाळीपासूनची. ग्राइप वॉटर. कागदाच्या पुडीत सुट्या पांढऱ्या गोळ्या, नाव नाही, आठवडी बाजारातल्या ‘डॉक्टर’ने दिलेल्या. सर्दीचं एक सिरप. आणि पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या, एक सिरप, एक ड्रॉप्स.

मी ड्रॉप्सची बाटली हातात घेतली तशी आजी म्हणाली, काल बाळाला कणकण वाटली म्हणून त्यातलंच अर्धा चमचा दिलं, रात्री परत अर्धा. माझ्या पोटात गोळाच आला. ज्यांना हिशोब माहीत नाही त्यांच्यासाठी, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असतं, जास्त पॉवरच्यात २५०. ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १००. म्हणजे अर्धा चमचा ड्रॉप्स = २५० मिलिग्रॅम, आणि तीन किलोच्या बाळाला डॉक्टरने दिलंच तर एका वेळी पंचेचाळीसच्या आतबाहेर. पाच-सहा पट, ते पण दोनदा.

तेवढ्यात गावची आशाताई आली, चौदाव्या दिवसाची भेट होती तिची. तिने न बोलता आधी थर्मामीटर लावला, ताप नव्हताच. बाळावर तीन दुपटी, वर गोधडी, खाली शेक-शेगडी, त्यात ते तापलं होतं. झोळीच्या काट्याला वजन केलं, दूध ओढतंय का ते पाहिलं, आणि मग मी जे सांगितलं ते ऐकून सरळ १०२ ला फोन लावला. जिल्ह्याच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं, रक्त तपासलं, लिव्हर ठीक निघालं. बाळ आता मजेत आहे, घाबरू नका.

आता जे लिहायचं होतं ते. ती ड्रॉप्सची बाटली माझ्याच दुकानातली होती. वर्षभरापूर्वी थोरल्यासाठी नेलेली, बॅच नंबर माझ्या बिलात आहे. चिठ्ठी होती, औषध बरोबर दिलं, बिल दिलं, कायद्याने मी कुठेच चुकले नाही. आणि तरी त्या बाटलीच्या टोपणाला लावलेला ड्रॉपर हरवला की मागे काय उरतं, घरातला चमचा, हे मला सव्वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

मला वाटायला लागलंय की औषध सुरक्षित आहे की नाही हे माझ्या काउंटरवर ठरतच नाही, त्या खुंटीवर ठरतं, आणि तिथपर्यंत फक्त आशाताई पोचते. तुमच्याकडे ही पिशवी कोण उघडतं? सांगा.

कैरीचं लोणचं

बापरे, अंगावर काटा आला वाचून. बाळ बरं आहे हे वाचलं तेव्हा श्वास घेतला.

पुण्यात राहते, सातवा महिना चालू आहे, शिकलेली वगैरे आहे आणि आयर्न आणि कॅल्शियम दोन्ही गोळ्या सकाळी चहाबरोबर एकत्र गिळत होते चार महिने!! हिमोग्लोबिन ९ वरून हलेना तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं कशाबरोबर घेता, तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे आशा वगैरे कुणी येत नाही, सोसायटीच्या गेटवरच अडवतील. पिशवी माझीच, उघडते मीच, आणि चुकते पण मीच.

शंकेखोर

लेख चांगला पण एक कळत नाही. आमच्या आईला सहा मुलं झाली, घरी सुईण होती, एक गोळी खाल्ली नाही, आम्ही सहाही धडधाकट. ही सगळी औषधांची पिशवी आली कुठून? आधी औषधं गळ्यात मारायची, मग ती सुरक्षित कशी घ्यायची याच्या योजना काढायच्या.

धानोऱ्याचा

शंकेखोर, तुम्ही सहा धडधाकट आहात म्हणून इथे लिहिताय. जे गेले ते प्रतिसाद देत नाहीत. (हलकेच घ्या.)

मी काही वर्षं गडचिरोलीत काम केलंय म्हणून थोडं लिहितो, मेडिकलवालींच्या मुद्द्याशी ते थेट जुळतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. १९९३ पासून त्यांनी ३९ गावांत पाहिलं की घरात जन्मलेली बाळं पहिल्या महिन्यात नेमकी कशाने जातात, आणि शेजारची ४७ गावं तुलनेला ठेवली. सुरुवातीला हजारी साधारण ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. सगळ्यात मोठा मारेकरी जंतुसंसर्ग. बाळ दूध ओढेनासं होतं, रडणं बारीक होतं, अंग गार पडतं, आणि घरचे म्हणतात झोपाळू आहे. दवाखाना लांब, नदीला पूर, आणि चाळीस दिवस बाळंतीण घराबाहेर पडत नाही.

मग त्यांनी गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना शिकवलं आणि आरोग्यदूत केलं. वजन करणं, ताप बघणं, श्वास मोजणं. श्वास मोजायला मण्यांची पाटी होती, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. आणि जंतुसंसर्गाची खूण दिसली तर घरच्यांना सांगून, दवाखान्यात न्या म्हणून आधी विनवून, ते नाहीच म्हणाले तर तिने स्वतः बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं आणि तोंडाने दुसरं अँटिबायोटिक. तेव्हा पुष्कळ डॉक्टर लोक हादरले होते, खेड्यातली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार? तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाले होते, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या त्याचं मूळ इथे आहे. ती चौदाव्या दिवसाची भेट तिथूनच आली.

यातलं औषध काही नवीन नव्हतं. जेंटामायसिन तेव्हाही स्वस्त आणि जुनंच होतं. नवीन होती ती बाई, जी वजन करून मग डोस काढते, ठरलेल्या दिवसांपर्यंत रोज येते आणि कागदावर लिहून ठेवते. मेडिकलवालींच्या भाषेत, पिशवी घेऊन येणारी आणि पिशवी उघडणारी एकच.

अवांतर: त्याच्याही आधी जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने केलं होतं, गावातल्या, बहुतेक दलित आणि निरक्षर बायकांना ग्राम आरोग्यसेविका करून. त्यावर कुणीतरी स्वतंत्र धागा काढा, मी येतो.

मेडिकलवाली

धानोऱ्याचा, धन्यवाद, हे इतकं नीट मला माहीत नव्हतं. इंजेक्शन देण्याआधी वजन करायचं हे वाचून थांबलेच. माझ्या काउंटरवर लहान मुलाचं वजन कुणी सांगत नाही, वय सांगतात, आणि खरं सांगायचं तर मीही वयच विचारत होते.

शंकेखोर, तुमचं अर्धं पटतं. सर्दीचं सिरप त्या पिशवीत असायलाच नको होतं.

चौदावी भेट

नमस्कार ताई मी आशा आहे, तेरा वर्ष झाले. नाव दुसरं आहे, हे आज ठेवलं. मोबाईलवर बोलून टाइप करून रायली, चुकलं तर समजून घ्या.

लोहाच्या गोळीचं सांगते. आमच्या रजिस्टरात १८० लिहून असते, म्हणजे देल्या. देल्या म्हणजे खाल्ल्या असं नाही. पहिल्यांदा गेलं की म्हणते खाते ना ताई. दुसऱ्यांदा पण खाते. तिसऱ्यांदा चहा होते, सासू बाहेर जाते, तवा सांगते. संडास काळी होते, मळमळ होते, आणि सासू म्हणते पोर काळं होईल, नाहीतर एवढं मोठं होईल की सिझर लागेल. आता यावर भाषण देऊन काय होते? मी म्हणतो रात्री जेवल्यावर झोपताना घे, मळमळ झोपेत निघून जाते, कॅल्शियम सकाळी अन दुपारी जेवणासोबत घे, लोहाच्या आगंमागं चहा नको, लिंबू पिळून जेव. अन काळी संडास झाली म्हणजे गोळी लागली समज. मंग मी रिकामी पट्टी मागते. फेकू नको, मला दाखव. रिकामी पट्टी दाखवाले बाया लाजत नाही, उलट जमा करून ठेवते.

सासूलेच घ्यावं लागते हाताशी. एका घरी सासूलेच गोळी द्यायचं काम देलं, तुमच्या हातानं खाईल ती, तुमचं ऐकते म्हणलं. दोन महिन्यात ७.८ वरून ९.६ झालं हिमोग्लोबिन. कारण आता ती सासूची इज्जत होती.

पैशाचं इचारू नका. एका बाळाच्या सगळ्या भेटीचे २५०, तीन, सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, बेचाळीस. ते पण कवा येतील त्याचा नेम नाही.

सुंठसाखर

मेडिकलवाली बाई, छान लिहिलंत. पण आता मी वाईट बोलणार. सगळ्या गोष्टीत आजीच कशी चुकते? चमचा देणारी आजी, गोळ्या लपवणारी सासू. तुमच्या त्या पॅरासिटामॉलच्या बाटल्या येण्याआधी आम्ही बाळगुटीवर पोरं वाढवली. मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, वेखंड, सुंठ, खारीक, बदाम. सहाणेवर किती वेढे द्यायचे हे आम्हाला माहीत होतं. आठवड्याला वेढा वाढवायचा, जुलाब झाले तर जायफळ, पोट धरलं तर मुरडशेंग. हा डोसच नव्हे का? आणि वजनही तळहातावर कळायचं.

कानाला नळी

सुंठसाखर आजी, तुमचा प्रतिसाद आवडला, खरंच. वेढे मोजणं हा डोस होता हे मान्य. मी बालरोगतज्ज्ञ आहे, नाशिककडे, आणि माझ्याही आजीने मला गुटी दिली आहे.

पण तीन गोष्टी सांगू द्या. पहिली, सहा महिन्यांपर्यंत अंगावरचं दूध सोडून काहीच नको, पाणी पण नको, ग्राइप वॉटर पण नको. सहाण, पाणी, बोट यातून जे जंतू जातात त्यांनी होणारे जुलाब आम्ही दर उन्हाळ्यात बघतो. दुसरी, वेखंड आणि जायफळ ही चव म्हणून नव्हे, औषध म्हणूनच काम करतात, जास्त झालं तर बाळ गुंगतं, आणि आज जे गुटीचं तयार पाकीट मिळतं त्यात काय आणि किती आहे हे तुमच्यासारखं ओळखणारं कुणी घरात उरलेलं नाही. तिसरी, मध. वर्षाच्या आत मध चाटवू नका, कितीही शुद्ध असला तरी, बोट्युलिझम नावाचा आजार होतो, बाळ लुळं पडतं.

आणि ज्या आज्या मला भेटतात त्यातल्या निम्म्या तरी आईपेक्षा जास्त लवकर ओळखतात की बाळाचं काहीतरी बिनसलंय. ‘आज हे माझ्याकडे बघत नाहीये’ असं आजी म्हणाली की मी उठून बघतो.

आता सर्दीच्या सिरपबद्दल, कारण तुमचं गाव छिंदवाड्याजवळ दिसतंय. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या परासिया भागातली मुलं खोकल्याचं सिरप घेऊन लघवी बंद होऊन नागपूरला आणली गेली. वीसहून जास्त मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. त्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं, मुभा ०.१ टक्क्याची. औषध विरघळवायला जो शुद्ध द्रावक लागतो त्यात कधीकधी ही औद्योगिक वस्तू मिसळून येते, गोड लागते, मूत्रपिंड मारते. आपल्याकडे हे पहिल्यांदा झालेलं नाही, १९८६ मध्ये मुंबईत जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष जाऊन १४ जण गेले होते आणि चौकशीला लेंटिन आयोग बसला होता. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच.

यात त्या आईबापांची काहीच चूक नव्हती, बाटली बघून ते कुणालाच कळलं नसतं, मला पण नाही. पण मुळात दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्या-सर्दीचं औषध देऊ नका आणि पाच वर्षांखाली सहसा नकोच, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने त्याच वेळी सांगितलं. आणि डिसेंबर २०२३ मध्येच क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेल्या सर्दीच्या औषधावर ‘चार वर्षांखाली वापरू नये’ असं छापायचा आदेश निघाला होता. साधी सर्दी आपोआप जाते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, दूध, धीर. धीर कुणी विकत नाही ही अडचण आहे.

मेडिकलवाली

डॉक्टर, त्या ऑक्टोबरात दोन आठवडे आमच्याकडे रोज तालुकाभरातून बाटल्या येत होत्या, ही चालेल का ही चालेल का. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घराघरांत किती अर्ध्या बाटल्या पडून आहेत. आलेल्या बाटल्यांत त्या सिरपची एकही नव्हती. पण अँटिबायोटिकच्या पावडरीत पाणी घालून तीन तीन महिने ठेवलेल्या किती तरी! ते पाणी घातल्यावर साधारण आठवडाभरच टिकतं हो, लेबलवर लिहिलेलं असतं, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात. मी तेव्हा त्या ओतून दिल्या आणि परत काउंटरमागे गेले. खुंटीवरच्या पिशवीचा विचार तेव्हाच करायला हवा होता.

जुलाबात द्यायच्या ओआरएसचं पण तसंच. एक पुडी एक लिटर पाण्यात, पण लोक वाटीत चिमूटभर घालतात, नाहीतर अख्खी पुडी एका पेल्यात. पहिल्याने उपयोग नाही, दुसऱ्याने क्षार जास्त होऊन बाळ आणखी आजारी. त्यात ते फळांच्या चवीचे गोड डबे ओआरएस म्हणून खपत होते, त्यांवर ओआरएस हे नाव छापायला ऑक्टोबर २०२५ मध्येच बंदी आली, एकदाची. झिंकची गोळी चौदा दिवसांची असते, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की अकरा गोळ्या पिशवीत.

नुसतीच वाचक

सहा वर्षं वाचतेय, पहिल्यांदा लिहितेय. सगळे जास्त औषध दिल्याचं लिहिताय, माझं उलटं झालं होतं.

मला कॉलेजपासून फिट्स येतात, गोळी चालू होती. लग्नात सांगितलं नव्हतं, म्हणजे सासूला नव्हतं, नवऱ्याला माहीत होतं. दिवस गेले तेव्हा नणंदेने नेटवर वाचलं की गरोदरपणात गोळ्या वाईट आणि मीही घाबरून बंद केल्या, कुणाला विचारलं नाही कारण विचारायचं तर सांगावं लागलं असतं. पाचव्या महिन्यात न्हाणीत फिट आली, डोकं आपटलं. बाळ वाचलं, मी पण. नंतर डॉक्टर म्हणाले, गोळी बदलून देता आली असती, डोस कमी ठेवता आला असता, फक्त तू आधी यायचं होतंस. ती माझी पिशवी माहेरच्या ट्रंकेत होती, कुलपात.

कानाला नळी

लिहिलंत हे फार बरं केलंत.

बाकी सगळ्यांसाठी, हे फार जणींचं होतं. थायरॉइडची गोळी गरोदरपणात बंद करायची नसते, उलट बऱ्याचदा वाढवावी लागते. फिट्सच्या गोळ्यांत व्हॅल्प्रोएट बाळाला त्रासदायक आहे म्हणून ती दिवस जाण्याआधीच बदलायला हवी, पण स्वतःहून एका दिवसात बंद करणं त्याहून धोक्याचं. बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात अजिबात चालत नाहीत आणि काही चालतात, म्हणून सासऱ्यांची लाल गोळी सुनेच्या लाल गोळीच्या पिशवीत नको. दुखण्यावर पॅरासिटामॉल ठीक, पण आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर दिवस राहण्याआधीच थांबवायची. चालू असलेलं सगळं पहिल्याच तपासणीला टेबलावर मांडा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कोयत्यावरचा

मी बीड जिल्ह्यातला, आता शिक्षक आहे, आईवडील चाळीस वर्षं ऊसतोडीला. आई सांगते माझा जन्म कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत झाला, तिसऱ्या दिवशी ती मोळ्या उचलत होती.

तुमची घरभेट वगैरे सगळी छान आहे पण आमच्यात घरच नसतं ना घरी. दिवाळी झाली की टोळी निघते, चार-पाच महिने सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. बाईचं तपासण्यांचं कार्ड गावच्या अंगणवाडीत राहतं, लोहाच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रात, आणि पोट तिच्याबरोबर फडात. तिकडच्या आशाला ती तिच्या यादीत नसते, इकडच्या आशाच्या यादीत ‘स्थलांतरित’ अशी खूण. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक, एक दिवस ती बसली तर खाडा, पैसे कापतात. मग कंबर दुखली की मुकादमाकडून दुखण्याची गोळी, सकाळी एक, रात्री एक, नाव कुणाला माहीत. पाठ मोडून निघते म्हणून गोळी, आणि पोटात सहा महिन्यांचं पोर. आता डॉक्टर म्हणतात विसाव्या आठवड्यानंतर नको. कुणी सांगायचं तिला?

ऊसतोडीतल्या गर्भाशयं काढलेल्या बायांचं २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचलं, चौकशी समिती पण झाली. गरोदर बाया मात्र अजूनही फडातच आहेत.

चौदावी भेट

सर तुमचं खरं आहे. आमच्याकडं वीटभट्टीवाले येते बाहेरून, माझ्या यादीत नसते. मी जाते तरी, पण मले जे भेटते ते यादीवर भेटते, अन औषधाचा साठा पण यादीवर. एकदा एका बाईले मी दुसरीच्या गोळ्या देल्या, रजिस्टरात खोटं लिहिलं. बरोबर केलं की चूक मले माहीत नाही. तिचे पाय सुजले होते, डोकं दुखत होतं, डोळ्यापुढं चांदण्या येत होत्या, बीपी १६० च्या वर. गाडी करून आरएचले, म्हणजे ग्रामीण रुग्णालयात नेली, तिकडून नागपूर. आता तिले पोरगी आहे, पाच वर्षांची.

कोयत्यावरचा

बरोबरच केलं ताई. आमचा मुकादम तुमच्याकडे शिकायला पाठवला पाहिजे. खरं सांगू, कार्ड बाईच्या पिशवीत तिच्याबरोबर गेलं तरी निम्मं काम होईल. या वर्षी मी गावातल्या सात जणींची कार्डं अंगणवाडीतून मागून घेतली, प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून दिली, सोबत तीन महिन्यांच्या गोळ्या. सेविकाताई म्हणाल्या हरवलं तर जबाबदारी कुणाची, मी सही केली. सातपैकी पाच कार्डं परत आली, त्यातल्या तिघींच्या कार्डावर तिकडच्या दवाखान्याचे शिक्के होते.

धुक्यातली

इंग्लंडमधून. इथे बाळ दहा ते चौदा दिवसांचं झालं की हेल्थ व्हिजिटर घरी येते, आणि प्रत्येक बाळाची एक लाल वही असते, वजन, लसी, सगळं त्यात. कुठेही राहायला गेलात तरी वही बरोबर. कोयत्यावरचा यांचं वाचून तेच आठवलं.

आणि एक, ती बाई आली तेव्हा बाळ तपासून झाल्यावर तिने माझ्याकडे बघून विचारलं, झोप लागते का, रडू येतं का. मी तिथेच रडले. आई नव्हती इथे, कुणी विचारलंच नव्हतं. आशाताईंच्या फॉर्मात हा प्रश्न असतो का?

चौदावी भेट

फॉर्ममध्ये काय असते अन काय विचारते यात फरक हाय ताई. मी विचारते. बहुतेक जणी म्हणतात बरं आहे. मंग मी बाळ मांडीवर घेते अन तिले म्हणते तू आंघोळ करून ये निवांत, बाहेर येईपर्यंत बोलते ती.

सुंठसाखर

चौदावी भेट, तू हुशार आहेस ग.

डॉक्टर, मध बंद केला सूनबाईच्या बाळाला, सांगून ठेवते. गुटीचं सहा महिन्यांनंतर बघू. आमचं भांडण संपलेलं नाही.

शंकेखोर

माझी शंका परत घेत नाही पण काल आईला विचारलं. आम्ही सहा नव्हतो, आठ होतो. दोन पहिल्या महिन्यात गेली, एकाचं नाव पण ठेवलेलं होतं. इतक्या वर्षांत तिने सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं.

धानोऱ्याचा

शंकेखोर, आईंना नमस्कार सांगा. माझा पहिला टोमणा मागे घेतो.

मेडिकलवाली

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. शंकेखोर, काय लिहू.

आता मी काय सुरू केलंय ते. एक, लहान मुलाचं औषध असेल तर वजन विचारते, माहीत नसेल तर दुकानात काटा आणून ठेवलाय, उधारीवरचं गिऱ्हाईक पण येऊन पोरगं मोजून जातं. दोन, बाटलीबरोबर मोजायची प्लॅस्टिकची पिचकारी देते, सुई नसलेली, आणि पिचकारीवर रेघ ओढून देते, इथपर्यंत. तीन, बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरात बाळाचं नाव, वजन, दिवसातून किती वेळा, आणि पाणी घातलेली असेल तर फेकायची तारीख. गिऱ्हाईक उभं राहतं, चिडतं कधीकधी, दोन जण समोरच्या दुकानात गेले पण.

आणि चौथं, आमच्या गावच्या आशाताईशी बोलले, ती घरभेटीला जाईल तेव्हा खुंटीवरची पिशवी पण उघडेल आणि जे जुनं, बिननावाचं असेल ते माझ्याकडे पाठवेल, मी फेकायची व्यवस्था करते. पहिल्या आठवड्यात अकरा घरांतून दोन मोठ्या पिशव्या. अडचण एकच, लोक म्हणतात पैसे दिलेत, फेकू कशी.

चौदावी भेट

ताई आमच्याकडं पण करून पाहते. तुम्ही बाटलीवर कोणत्या पेनानं लिहिता? मी लिहिलं होतं एकदा, बाळंतिणीच्या घरी सगळ्यायचे हात तेलाचे, आठ दिवसात पुसून गेलं.

मेडिकलवाली

परमनंट मार्कर, काळा. निळा उडतो. आणि लिहून झालं की वरून पारदर्शक चिकटपट्टी मारायची, ती टोपणापर्यंत नेऊ नका, नाहीतर बाटली उघडताना सगळंच निघून येतं.